दोन दिवस चांद्याला

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



'चांद्यापासून बांद्यापर्यंत' असे आपण मराठीत सहज म्हणतो. निवडणुकीच्या सभेत तर हे शब्द हमखास कानावर पडतात. त्यातला बांदा तिकडे सिंधुदुर्गात, गोव्याच्या सीमेजवळ. आणि चांदा म्हणजे आपले चंद्रपूर. १९६४ मध्ये चांद्याचे अधिकृत नाव चंद्रपूर झाले, पण म्हणीतला चांदा काही हलला नाही. रेल्वेनेही एक स्टेशन अजून 'चांदा फोर्ट' याच नावाने ठेवले आहे. आमच्या हिंगणघाटकडची जुनी माणसे 'चांद्याले जातो' असेच म्हणतात.

आता या म्हणीचा अर्थ पाहा. बांदा हे एक टोक आणि चांदा हे दुसरे टोक. म्हणजे महाराष्ट्र जिथे संपतो ते गाव. पण ज्या गावाला आपण टोक म्हणतो, ते काही शतके एका राज्याचा मध्य होते. तिथे राजा होता, राज्याला लागते ते सगळे होते, गावाभोवती कोसांचा तट होता. राजधानीत राहणारा माणूस स्वतःला टोकावरचा समजत नाही. टोक कुठले, हे बघणारा कुठे उभा आहे त्यावर ठरते. मुंबईत उभे राहिले की चांदा टोकाला दिसते. चांद्याच्या तटावर उभे राहिले तर मुंबईच फार लांब राहते.

आज मी तुमच्याशी या चांद्याच्या सहलीविषयी बोलणार आहे. लांबची नाही, दोन दिवसांची. तीही अजून व्हायची आहे, आमच्या घरात सध्या तिची आखणी चालली आहे.

विषय निघाला तो असा. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा कॉलेजात शिकतो. तो म्हणाला, "मामू, या वर्षी एखादी जुनी राजधानी पाहू." मग घरात नावे सुरू झाली. दिल्ली झाली, आग्रा झाले, हैदराबाद झाले, विजापूर झाले. ही चर्चा ऐकणारे एक शेजारी, माझे जुने स्नेही, हसत म्हणाले, "तुमचं बरं आहे. दिल्ली काय, हैदराबाद काय, साऱ्या तुमच्याच राजधान्या!"

बोलणे थट्टेचे होते आणि मीही हसलो. पण रात्री तो 'तुमच्याच' शब्द मनात राहिला. दिल्लीचा बादशहा माझा कोण? माझे आजोबा पिंजारी. कापूस पिंजायची धनुकली खांद्यावर टाकून थंडीच्या तोंडावर ते हिंगणघाटहून निघत आणि गाद्या-रजया भरत भरत चांद्यापर्यंत जात. दिल्ली त्यांनी पाहिली नाही. हैदराबादचे नाव त्यांनी ऐकले असेल तेवढेच. चांद्याला मात्र ते दर वर्षी जात, आणि सांगत की जटपुरा वेशीतून आत शिरताना अंगावरचा कापसाचा भुसा आधी झटकायचा. का? तर "राजाचं गाव आहे, नीट जावं लागते." तेव्हा तिथे राजा नव्हता, इंग्रजांचा अंमल होता. पण वेस राजाची होती आणि आजोबांच्या हिशेबात तेवढे पुरे होते. ज्याची जी राजधानी ठरायची ती अशी ठरते. सकाळी मी घरात सांगितले, आपण चांद्याला जाऊ.

आता तुम्ही म्हणाल, चंद्रपूर काय पाहायचे? तिथे तर उन्हाळा, कोळसा आणि वीज केंद्राची धुराडी. किंवा मग वाघ. खरे आहे. पर्यटक चंद्रपूरला येतो तो ताडोबासाठी. १९५५ पासूनचे हे राष्ट्रीय उद्यान, महाराष्ट्रातले सर्वांत जुने. लोक रात्री उतरतात, पहाटे जिप्सीत बसतात, वाघ दिसला तर खुश आणि नाही दिसला तर नाराज होऊन परत जातात. वाघावर माझा राग नाही. पण त्याच्या दर्शनाला जाताना ज्या वेशीखालून गाडी जाते, तिच्याकडे मान वर करून कोणी बघत नाही, याचे मला वाईट वाटते. मी स्वतः कविसंमेलनांच्या निमित्ताने तिथे पुष्कळदा गेलो आहे. कार्यक्रम आटोपल्यावर सकाळचे दोन-चार तास मिळत, त्यात हे शहर मी तुकड्यातुकड्याने पायी पाहिले. म्हणून आखणीचे काम माझ्याकडे आले.

भाच्याने आधीच एक यादी केली होती. वरोऱ्याला उतरून बाबा आमट्यांचे आनंदवन, पुढे भद्रावतीची पार्श्वनाथाची वसाही, भद्रनागाचे देऊळ, विजासनची बौद्ध लेणी, मग चंद्रपूर, ताडोबाची एक फेरी, बल्लारपूरचा किल्ला, आणि जमलेच तर वैनगंगेकाठचे मार्कंडा. दोन दिवसांत! यातले एकही ठिकाण टाकाऊ नाही. विजासनच्या लेण्यांसाठी तर मी वेगळा दिवस काढायला तयार आहे. पण अशा यादीत काय होते, तर माणूस गाडीत बसतो आणि ठिकाणे खिडकीतून जातात. मी यादी घेतली आणि चंद्रपूर सोडून सगळे खोडले. भाचा हिरमुसला. त्याला म्हटले, बल्लारपूर शेवटी बघू, वेळ उरला तर. बाकीचे पुन्हा कधी. ही गावे कुठे पळून जात नाहीत, आपल्याच रस्त्यावर आहेत.

जायचे कसे? वर्ध्याकडच्या माणसाला चंद्रपूर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, आम्हा हिंगणघाटकरांना शंभराच्या आत. बसही आहे. पण मी म्हणेन, रेल्वेने जावे. सेवाग्राम, हिंगणघाट, वरोरा, भांदक, चंद्रपूर, बल्लारशहा हा दिल्ली-चेन्नईचा मोठा मार्ग. त्यातला वर्धा ते वरोरा हा तुकडा १८७० च्या दशकात टाकला गेला तो वरोऱ्याच्या कोळशासाठी. माणसे नंतर बसली, कोळसा आधी. एक काळजी घ्या. 'चंद्रपूर' आणि 'चांदा फोर्ट' ही दोन वेगळी स्टेशने आहेत. चांदा फोर्ट गोंदियाकडून येणाऱ्या मार्गावर आहे. तिकीट काढताना नाव नीट वाचा. परतीच्या वेळी तर दोनदा वाचा.

आणि केव्हा जायचे? मे महिना नको, हे सांगायला हवामान खात्याची गरज नाही. चंद्रपूरचा पारा देशाच्या बातम्यांत येतो. दिवाळीनंतर ते शिवरात्रीपर्यंतचे दिवस उत्तम. चैत्रात महाकालीची यात्रा भरते, तेव्हा मराठवाड्यातून, नांदेड-परभणीकडून हजारो भाविक येतात, झरपटीत आंघोळ करतात, मैदानात चुली मांडतात. ती यात्रा बघायचीच असेल तर जरूर जा, पण मग ती यात्रेची सहल. ऑक्टोबरच्या मध्यात दीक्षाभूमीवर मोठी गर्दी असते. त्याविषयी पुढे सांगतो. त्या दिवसांत लॉजमध्ये खोली मिळणे कठीण.

आता गावात शिरू. माझी एकच अट आहे. पहिल्या सकाळी रिक्षा करायची नाही. सामान खोलीवर टाकून उत्तरेच्या बाजूला जायचे, आणि जटपुरा वेशीतून पायी आत यायचे.

चांद्याच्या तटाला चार वेशी. उत्तरेला जटपुरा, दक्षिणेला पठाणपुरा, पूर्वेला अचलेश्वर, पश्चिमेला बिनबा. जटपुरा सगळ्यांत गजबजलेली. वाहने, हातगाड्या, शाळेची मुले सगळी तिथेच. त्या गर्दीत क्षणभर बाजूला उभे राहून वर बघा. दगडात कोरलेला सिंह आहे आणि त्याच्या पायाखाली हत्ती. हे गोंड राजांचे चिन्ह. रोज त्याच्याखालून जाणाऱ्या दहा माणसांना विचारा, वर काय कोरले आहे म्हणून. किती जण सांगतात बघा.

हा तट सुमारे ११ किलोमीटरचा आहे. एवढा तट सरळ न जाता असा वाकडातिकडा का गेला, याची एक गोष्ट सांगतात. पंधराव्या शतकातला राजा खांडक्या बल्लाळशहा. त्याची राजधानी तेव्हा बल्लारपूरला, आपल्याच वर्धा नदीच्या काठी. त्याआधी ती नदीपलीकडे सिरपूरला होती, ते आज तेलंगणात आहे. राजाच्या अंगावर गाठी आणि फोड होते. शिकारीला निघालेला असताना झरपट नदीच्या कोरड्या पात्रात त्याला एका खळग्यात पाणी दिसले. त्या पाण्याने हातपाय, तोंड धुतले आणि त्याचा रोग गेला. तिथे अचलेश्वराचे देऊळ झाले. पुढे त्याच परिसरात त्याला एक अजब दृश्य दिसले. कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा त्याच्या शिकारी कुत्र्याच्या मागे लागला होता. कुत्रा पुढे, ससा मागे. दोघे मोठे वर्तुळ धावले आणि शेवटी कुत्र्याने सशाला मारले. राणी म्हणाली, ही भूमी साधी नाही, ससा ज्या मार्गाने धावला त्या मार्गावर तट बांधा. सशाच्या कपाळावरचा तो ठिपका म्हणजे चंद्र, आणि त्यावरून चांदा.

इतिहासाचे प्राध्यापक या गोष्टीवर हसतात. हसू द्या. माझ्यासारख्या कवितेच्या माणसाला ती फार आवडते. किल्ल्यांच्या गोष्टींत गरुड असतात, सिंह असतात, नाग असतात. इथे आखणी केली सशाने. आणि कोणत्या सशाने, तर मरायच्या आधी जो कुत्र्यावर उलटला त्याने. गोष्टीचा एक शेवट असाही सांगतात की ससा जिथे मारला गेला ती जागा शहराला घातक ठरेल असे भाकीत होते, म्हणून तिथे भक्कम बुरूज घातला. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी तट फोडला तो त्याच बाजूला, असे जुने लोक म्हणतात.

तट एका राजाच्या हयातीत झाला नाही. खांडक्याने सुरू केला आणि धुंड्या रामशहाच्या काळात तो पूर्ण झाला. मधल्या काळात ही राजधानी दिल्लीलाही माहीत होती. अकबराच्या दरबारातल्या अबुल फझलने 'ऐन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याची माहिती देताना चांद्याच्या राजाची आणि त्याच्या फौजेची नोंद केली आहे. वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचीही. वैरागड आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. १९८२ पर्यंत तो जिल्हाही चंद्रपूरचाच भाग होता. १७५१ मध्ये नागपूरच्या रघुजी भोसल्यांनी हे राज्य घेतले आणि चांद्याची राजधानी संपली. आमच्या शाळेच्या पुस्तकात हा सगळा मजकूर दीड ओळीत होता. दिल्लीच्या गुलाम घराण्याचे सुलतान आम्ही ओळीने पाठ केले होते.

जटपुऱ्यातून आत आल्यावर तर्री-पोहे खा आणि पश्चिमेकडे बिनबा वेशीच्या दिशेने चला. मग तटावर चढायचे. हे सांगताना मला बरे वाटते, कारण बरीच वर्षे तटावर चढणे म्हणजे काटे, वेली आणि घाणीतून वाट काढणे होते. मार्च २०१७ पासून 'इको-प्रो' या चंद्रपूरच्या संस्थेच्या तरुणांनी रोज सकाळी खराटे, कुदळी आणि टोपल्या घेऊन हा तट साफ करायला घेतला. शेकडो दिवस ते काम चालले. त्याच वर्षी पंतप्रधानांच्या 'मन की बात'मध्येही त्याचा उल्लेख झाला. उल्लेख होतो आणि विसरला जातो. पण मुले बुरुजावरची झाडे तोडत राहिली, ही गोष्ट मोठी. बगड खिडकीच्या बाजूने तटावरून चालताना एका हाताला घरांच्या गच्च्या, वाळत घातलेले कपडे, कोणाच्या तरी स्वयंपाकघराचा धूर आणि दुसऱ्या हाताला शहराबाहेरचा मोकळा भाग दिसतो. एवढी उंची माणसाला पुरते.

आता 'खिडकी' म्हणालो ते सांगायला हवे. चांद्यात खिडकी म्हणजे तटातला लहान दरवाजा. चार मोठ्या वेशी आणि पाच खिडक्या. बगड खिडकी, हनुमान खिडकी, विठोबा खिडकी, चोर खिडकी आणि मसण खिडकी. मी पहिल्यांदा ही नावे एका माणसाच्या तोंडून एका दमात ऐकली तेव्हा मला वाटले, हा काही कविता म्हणतो आहे. हनुमानासाठी एक दार, विठोबासाठी एक. राजा हत्तीवरून येणार तो वेशीतून, पण देव मात्र खिडकीतून ये-जा करणार. चोर खिडकी म्हणजे चोरांची नव्हे, गुपचूप ये-जा करायची. आणि मसण खिडकी प्रेतासाठी. ज्यांनी हे शहर आखले त्यांना माहीत होते की गावातून एक माणूस रोज कायमचा बाहेर जाणार. त्याला बाजारातून, भाजीवाल्यांच्या गर्दीतून न्यायचे नाही. त्याची वाट वेगळी, छोटी आणि शांत. आज नवीन वसाहती होतात, त्यांचे नकाशे मी पाहतो. उद्यान असते, जिम असते, पार्किंग असते. स्मशान-कब्रस्तानची वाट कुठून, हे बिल्डर नकाशात दाखवत नाही. आमचे वर्धा शहरच घ्या. १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी इंग्रजांनी ते वसवले, सरळ रस्त्यांचे, कचेरीचे गाव. त्याला तट नाही आणि खिडकीही नाही.

अशा नावांची एक गंमत आहे. ती टिकली आहेत ती पाटीमुळे नव्हे. बगड खिडकीजवळ राहणारा माणूस पत्ता सांगताना 'बगड खिडकी' म्हणतो, म्हणून. पोस्टमन आणि भाजीवाली यांनी इतिहास सांभाळला आहे.

दुपारी विश्रांती. हा मुद्दा आमच्या घरात माझ्या मोठ्या बहिणीने, आपाने घातला. तिचे गुडघे दुखतात. तिने आखणीत तीनच प्रश्न विचारले. पायऱ्या किती, दुपारी बसायचे कुठे, आणि बायकांना जायची सोय आहे का. भाच्याच्या यादीत तेवीस ओळी होत्या आणि यातल्या एकाचेही उत्तर नव्हते. माझ्याही कागदात नव्हते, ते आता घातले आहे. म्हातारे माणूस बरोबर असले तर स्टेशनपासून जवळची आणि तळमजल्यावरची खोली घ्या, बारा ते चार बाहेर पडू नका, आणि पाण्याच्या बाटल्या मोजून घ्या. संध्याकाळी रामाळा तलाव. तटाच्या आत राजाने तलाव ठेवला, कारण वेढा पडला तर गावाला पाणी हवे. तलावाचे दिवस फार चांगले राहिले नाहीत. गाळ, सांडपाणी, जलपर्णी सगळे त्याने सोसले. २०२१ मध्ये त्याच्यासाठी शहरात उपोषणही झाले. काठावर बसून पाण्याकडे पाहताना नाक थोडे दाबावे लागले तर तेही पाहणेच आहे.

दुसरा दिवस पूर्वेच्या बाजूला. अचलेश्वर वेशीजवळ अचलेश्वराचे देऊळ, म्हणजे गोष्टीतला तो पाण्याचा खळगा. त्याला लागून गोंड राजांच्या समाध्या. यातली सर्वांत मोठी बीरशहाची. घुमट, कमानी, जाड भिंती. आपा फोटो पाहून म्हणाली, "हा तर मकबराच आहे." तिचे म्हणणे चूक नाही. गवंड्यांना धर्म विचारून कमान येत नाही. ज्या काळात जे बांधकाम डौलाचे समजले जात होते, ते राणीने बांधवून घेतले.

ती राणी म्हणजे हिराई. बीरशहाचा त्याच्याच पदरच्या माणसाने खून केला. राणीने चंदनखेड्याचा रामशहा दत्तक घेतला, तो लहान होता, म्हणून अठराव्या शतकाच्या सुरुवातीची काही वर्षे तिनेच राज्य सांभाळले. नवऱ्याची ही समाधी तिने बांधली. महाकालीच्या देवळाचे मोठे बांधकामही तिचेच मानतात. चंद्रपुरात तुम्हाला सांगतील की ताजमहाल नवऱ्याने बायकोसाठी बांधला, आणि हे बायकोने नवऱ्यासाठी बांधले, असे जगात एकच आहे. ऐकायला छान वाटते. पण ताजमहालच्याही आधी दिल्लीत हुमायूनचा मकबरा त्याच्या बेगमेने, हाजी बेगमने बांधवून घेतला होता. तेव्हा हिराई एकटी नाही. दिल्लीची ती विधवा आणि चांद्याची ही विधवा, दोघींनी दुःखात गवंडी बोलावले. एकीला बघायला देशोदेशीचे लोक येतात. दुसरीकडे शेजारच्या जिल्ह्यातली शाळेची सहलसुद्धा क्वचितच येते.

तिथून महाकालीचे देऊळ जवळ आहे. कोणी मला विचारले होते, "तुम्ही देवळात काय करणार?" मी म्हटले, चपला काढणार आणि मग बाहेर नारळ विकणाऱ्या बाईशी गप्पा मारणार. चैत्रातल्या यात्रेची खरी माहिती पुस्तकात मिळत नाही, तिच्याकडे मिळते.

मग बाबूपेठेकडे, जुन्या लालपेठेच्या बाजूला. इथे रिक्षा करायला हरकत नाही. मोकळ्या जागेत अवाढव्य दगडी मूर्ती जमिनीवर पडल्या आहेत. दहा तोंडांची देवी, सुमारे पंचवीस फुटांची. लोक तिला रावण म्हणतात, पण ती दुर्गा आहे. शिवलिंग आहे, नंदी आहे, मासा, कासव, हत्ती, गणपती आहे. रायप्पा नावाच्या एका धनिक कोमट्याने मोठे देऊळ उभारायचे ठरवले, आधी मूर्ती घडवून घेतल्या, आणि देऊळ होण्याआधी तो मेला. मूर्ती राहिल्या तिथेच. त्यांना छप्पर नाही. शेळ्या त्यांच्या आडोशाला उभ्या राहतात. माझ्या मते चांद्यात बघण्यासारखी ही सर्वांत विलक्षण जागा, आणि इथे किमान एक तास बसावे. पूर्ण झालेले देऊळ मी पुष्कळ पाहिले आहे. इतक्या हौसेने सुरू केलेले आणि इतक्या उघडपणे राहून गेलेले काम दुसरीकडे पाहिले नाही.

दीक्षाभूमी राहून गेली असे समजू नका. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूर, हे सर्वांना माहीत आहे. पण त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपूरला येऊन इथेही दीक्षा दिली. पुढे दोन महिन्यांच्या आत त्यांचे निधन झाले. प्रकृती इतकी थकलेली असताना ते चांद्यापर्यंत आले. त्यांना हे गाव टोकावरचे वाटले नसावे.

सगळे झाले, आता राजवाडा. राजधानी म्हटले की राजवाडा हवाच. तर चांद्याच्या गोंड राजांच्या राजवाड्याच्या जागी आज जिल्हा कारागृह आहे. म्हणजे या राजधानीचा जो गाभा, तो आपल्याला बाहेरूनच बघावा लागतो. त्याच कारागृहाच्या आवारात २१ ऑक्टोबर १८५८ ला बाबुराव शेडमाके यांना इंग्रजांनी पिंपळाच्या झाडाला फाशी दिली. वय अवघे पंचवीस. गोंड जमीनदाराचा हा मुलगा, आपल्याच राजांच्या वाड्यात फाशी गेला. आदिवासी समाज दर वर्षी त्या जागी अभिवादनाला येतो.

आणि याच भिंतींच्या आत एक दर्गा आहे, गैबीशाह वलींचा. गैबी म्हणजे न दिसणारा. एरवी तो दर्गा खरोखरच बाहेरच्या माणसाला दिसत नाही. मोहरमच्या दिवसांत मात्र दोन दिवस कारागृहाचे दार सर्वांसाठी उघडते आणि हिंदू-मुसलमान सगळे आत जातात. ज्या दारातून जायला माणूस घाबरतो त्या दारावर त्या दोन दिवशी बायकापोरांची रांग लागते.

इथेच आमच्या आखणीत पेच पडला आहे. मी सगळा बेत थंडीतला केला होता. आपाला गैबीशाहच्या दर्ग्यावर जायचे आहे, तेही आतून. मी तिला समजावले की सध्या मोहरम जून-जुलैत येतो, पावसाची सुरुवात, तटावर शेवाळ, पाय घसरायचे. चांद्रवर्षाप्रमाणे तो दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, म्हणजे थंडीत यायला अजून दहा-बारा वर्षे लागतील. तिने बोटांवर हिशेब केला.

"तवापर्यंत माझे गुडघे थांबते का रे?" म्हणाली. "मसण खिडकी तर कधीही उघडीच हाये. जेलचं दार दोनच दिवस उघडते. तू छत्र्या काढून ठेव."

भाचा आता जूनच्या गाड्या बघतो आहे.